खिंडीतला नमस्कार

"बस वळणावर असताना तुम्ही दांडी सोडली होती?" बस कंपनीच्या वकिलांनी विचारलं.

साक्षीला उभ्या घैसासबुवांचा उजवा हात त्या अपघातात मोडला होता. ज्या हाताने वाजवलेल्या पेटीवर कीर्तनं रंगायची, त्याची बोटं आता वळत नव्हती. "धरली होती म्हणा," असं त्यांच्या वकिलांनी दहादा बजावलं होतं. चूक बुवांचीच ठरली, तर कंपनी भरपाई देणार नव्हती. पण शपथ घेऊन खोटं कसं बोलायचं?

"सोडली होती. खिंडीतली देवी आली, हात जोडायला नकोत?"

कोर्टात हशा पिकला. बुवांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

मग कंपनीचा ड्रायव्हर रखमाजी उभा राहिला. म्हैस आडवी आली म्हणून ब्रेक मारला, असं त्याने लिहून दिलं होतं. बुवांच्या वाकड्या बोटांकडे बघत तो घुटमळला.

"म्हैस नव्हती, साहेब. देवी आली तसे मीबी हात जोडले. दोन्ही. स्टिअरिंग सोडून. गाडी कठड्याकडे गेली, तेव्हा ब्रेक दाबला."

या वेळी कोणी हसलं नाही.

भरपाईचा हुकूम कंपनीवर झाला. रखमाजीची नोकरी तोवर गेली होती, तरी निकाल ऐकायला तो आला होता. परतीच्या बसमध्ये जागा नव्हती, म्हणून दोघं शेजारी उभे राहिले. खिंड आली, तसा बुवांचा डावा हात दांडीवरून सुटू लागला.

"धरून ठेवा, बुवा," रखमाजी म्हणाला. "आज चालवणारा दुसरा हाय. दोघांचा नमस्कार मी करतो."