शेवटचा घोडा

“नुसती पाटी बघून फसू नकोस. पोट बघ,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “खऱ्या जासुदाचं पोट कापडानं आवळलेलं असतं. नाहीतर दिवसरात्र दौडताना आतडी पिळवटतात.”

“परक्या बाप्याचं पोट बघत बसू होय?” चेचेग हसली होती. तेव्हा ती नवी नवरी होती.

आता सासूबाई नव्हत्या आणि तंबूच्या दारात ससाणेवाला उभा होता. गळ्यातल्या हुकमाच्या सोनेरी पाटीवर कोरलेला ससाणा, आणि मनगटावर टोपी घातलेला खराखुरा. कुठल्याशा राजपुत्राच्या शिकारीसाठी तो दक्षिणेला निघाला होता. त्याचा घोडा एक पाय टेकवत नव्हता.

“घोडा काढा वहिनी. पाखराला ऊन सोसत नाही.”

जासुदांनी घोडे बदलायच्या त्या ठाण्यावर दोनच जनावरं उरली होती. एक म्हातारी घोडी. दुसरा, कायम खोगीर चढवून ठेवलेला, शेवटचा. तो फक्त ससाण्याच्या पाटीसाठी, म्हणजे खानाच्या तातडीच्या जासुदासाठी. खानाचा हुकूम असा ठाण्याठाण्यावरून दौडत जायचा, म्हणून तर इतक्या लांबच्या मुलखात मंगोलांचा वचक होता. सासूबाईंचा धाकटा तापानं फणफणला, वैद्य पलीकडच्या ठाण्यावर होता, तरी त्यांनी त्या घोड्याचा लगाम सोडला नव्हता. लेक गेला. घोडा दारात उभाच होता.

पण तेव्हा पाटी एकटा खान द्यायचा. आता जो तो राजपुत्र आपली पाटी ओतून घ्यायचा. त्यांचे शिकारी, व्यापारी, मेव्हणे, सगळे गळ्यात ससाणा अडकवून यायचे आणि घोडे दौडवून मारून जायचे.

“हा शेवटचा आहे, मालक,” चेचेगचा नवरा बोरोल्दाई म्हणाला.

“मग पाटी नाकारली असं कळवू का?”

पाटी नाकारणाऱ्याचं डोकं धडावर राहत नसे. चेचेगनं पाठीवरच्या तान्ह्या नारिनला सावरलं. त्या माणसाचं पोट तिला चांगलं दिसत होतं. कमरपट्ट्यावरून सुटलेलं, निवांत.

“देऊन टाका हो,” ती नवऱ्याला म्हणाली. “कशाला जिवावरचं ओढवून घ्यायचं?”

घोडा परत आणायला ठाण्याचा माणूस पुढच्या ठाण्यापर्यंत सोबत जातो. बोरोल्दाई घोडीवर बसला. “मी येईपर्यंत नारिनला निजवू नकोस,” एवढंच म्हणाला.

उन्हं कलायच्या आत घंटा वाजल्या. जासुदाच्या कमरेला घंटा असतात, लांबून ऐकू आल्या की घोडा पुढे काढायचा. पण या घंटांसोबत टापा नव्हत्या. माणूस धावत येत होता. ओठ फुटलेले, पोट कापडानं करकचून आवळलेलं.

“घोडा कोसळला वाटेत. दुसरा दे.”

“नाहीये.”

“शेवटचा असेल ना?”

तिनं दक्षिणेकडे बोट दाखवलं. त्यानं धापा टाकतच निरोप सांगितला.

पुढच्या, दक्षिणेच्या ठाण्यात मरी शिरली होती. माणसं काखेत गाठी येऊन मरत होती. दुसऱ्या वाटेनं ही खबर खानापर्यंत पोचली आणि हुकूम सुटला, दक्षिणेची वाट बंद करा, पुढे कुणाला सोडू नका.

“घोड्यासोबत कोण गेलंय तिकडे?” त्यानं विचारलं.

“आमचे हे गेलेत.”

“घोडा असता तर ओढ्याच्या अलीकडेच गाठलं असतं, बाई.” तो घोटभर पाणी प्यायला आणि पायीच दक्षिणेकडे निघाला. घंटांचा आवाज विरत गेला.

त्या रात्री तिनं नारिनला निजवलं नाही. पोर रडून रडून आपली आपणच झोपली.

त्यानंतर त्या वाटेनं घंटा वाजली नाही. ना खानाची, ना कुठल्या राजपुत्राची. ससाणेवाल्यानं टाकून दिलेल्या घोड्याचा पाय बरा झाला. तान्ह्या लेकीला घेऊन मरीच्या ठाण्याकडे जाववत नाही, म्हणून चेचेग रोज त्याच्यावर खोगीर चढवते, लगाम हातात धरून दारात उभी राहते आणि दिसेल त्याला म्हणते,

“दक्षिणेकडे निघालात का? मग हा घोडा घेऊन जा. पुढच्या ठाण्यापाशी शिरू नका, लांबूनच हाक मारा, बोरोल्दाई म्हणून. ओ देतो का तेवढं बघा. पाटी नसली तरी चालेल.”