सहावी लेन

दि. १२ मार्च, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. चारशे मीटरच्या निवड चाचणीत पाच गोरी मुले आणि एक काळी मुलगी धावली. तिच्यासारख्यांना नेहमी मिळणारी कडेची सहावी लेनच तिलाही मिळाली होती, आणि पहिली तीच आली.

“मुलगी, त्यातून यांच्यातली? कुठेतरी पाणी मुरतंय, काका,” प्रशिक्षक म्हणाले. “लेन आखूड भरली, तर हिचं नाव कटलं.”

“मोजा काका, मी थांबते,” ती म्हणाली.

मैदान आखणाऱ्या टेपकाकांनाही संशय होताच. अकरा वर्षांपूर्वी स्वतःच आखलेल्या सहाही लेन त्यांनी गुडघे टेकून मोजल्या आणि मान वर न करता निकालपत्रावर आकडे लिहिले.



पहिल्या पाच लेन : प्रत्येकी चारशे मीटर. सहावी : चारशे सात.