‘ली’ कुणाची?

दाराला कान लावणाऱ्या बायकांबद्दल बाईंचं मत फारसं चांगलं नव्हतं. आज मात्र भर दुपारी, चपला हातात घेऊन, त्या स्वतःच नवऱ्याच्या खोलीच्या दाराला चिकटून उभ्या होत्या. घरामागच्या ह्या खोलीत नवरा पुस्तकांची बांधणी करायचा. आत्ता आतून खळीचा ब्रश ऐकू येत नव्हता की कात्री. तो कुणाशी तरी बोलत होता.

‘तुला तर सगळं ठाऊकच आहे. तुझ्यापाशी बोललं की हलकं वाटतं बघ.’

तुला! गिऱ्हाइकाच्या कुत्र्यालासुद्धा ‘जरा सरकता का’ म्हणणारा माणूस हा. त्याच्या तोंडी एवढं सलगीचं ‘तू’ बायको सोडून आणखी कुणासाठी?

फोन तर फ्रिजवर पडला होता, नेहमीसारखा उघडा. ज्या अर्थी हा फोन इतका उघडा टाकतो, त्या अर्थी दुसरा कुठेतरी आहे, हे बाईंनी कधीच ओळखलं होतं. त्याचे खिसे त्या रोज चाचपत. निघे तो दोऱ्याचा गुंता. कॉलर हुंगत, वास येई तो खळीचा. हल्ली तर जेवण झालं की स्वारी आतून कडी लावून घेई. आणि उद्या रविवार. लग्नाच्या वाढदिवसाची उपकारस्तुती बाईंनीच करायची, असं चर्चच्या पाळकांनी परस्पर ठरवून टाकलेलं. सगळ्या मंडळीसमोर उभं राहून ह्या माणसासाठी देवाचे आभार मानायचे! आज ह्याचा छडा लागला नाही, तर उद्या बाई जागच्या हलणार नव्हत्या. चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं.

छडा लावायला त्यांना फार काही नको होतं. बाई शाळेत व्याकरण शिकवत. ‘गेलास’ की ‘गेलीस’, ‘येतोस’ की ‘येतेस’, एवढं एक क्रियापद हाती लागलं असतं तरी पुरे होतं.

‘तू काही बोलत नाहीस,’ आतला आवाज म्हणाला, ‘पण ऐकून घेशील.’

‘बोलत नाहीस’, ‘घेशील’. दोन्ही बाईला चालतात आणि बुवालाही. बाईंनी दात-ओठ खाल्ले. क्रियापदंसुद्धा लपवून वापरतोय!

‘माझ्या आजारपणात तू साथ दिलीस, म्हणून तर आज उभा आहे.’

दिलीस. सापडली! बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. आजारपणात उशाशी बसल्या बाई, पेज भरवली बाईंनी, आणि साथ दिली भलतीनंच! त्यांनी दारावर थाप मारायला हात उचलला, आणि तिथेच इतक्या वर्षांची मास्तरकी आडवी आली.

तू साथ दिलीस. त्यातला ‘स’ तेवढा ‘तू’चा. ‘ली’ मात्र ‘साथ’ची, साथ स्त्रीलिंगी, म्हणून. समोर बाई असो की बुवा, ‘दिलीस’च होणार. संकर प्रयोग! ही चूक सातवीतल्या मुलानं केली असती, तर बाईंनी त्याला बाकावर उभं केलं असतं. त्यांनी हात खाली घेतला. लाज वाटली, पण संशय काही हटला नाही. मग समोर आहे तरी कोण?

‘तू आलासच मुळी पाप्यांसाठी,’ आतला आवाज म्हणाला. ‘त्यात एक मीही आहे, एवढं लक्षात असू दे, प्रभू.’

बाई भिंतीला टेकल्या. चर्चमध्ये पाळकांनी ‘दादा, आज तुम्ही प्रार्थना करा’ म्हटलं की ह्या माणसाला नेमका खोकला यायचा. हा प्रार्थना करतो, तीही अशी, घरच्यासारखी, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

‘आता तिचं सांगतो. ती माझे खिसे बघते. बघू दे. मी शर्ट हाताला लागेल असाच टांगतो. फोनही उघडा ठेवतो, तर तिला त्याचाच जास्त संशय. तिचा बाप एक दिवस सरळ उठून निघून गेला. तिनं तरी कुणावर भरवसा ठेवायचा? मी समजवायला गेलो की वाढतं. म्हणून तुझ्या कानावर घालतो. तूच बघ काय ते.’

मग तो म्हणाला, ‘उद्या ती उभी राहिली नाही, तर मनाला लावून घेऊ नकोस. दोघांच्या वतीनं मी आजच सांगून ठेवतो. मला ती दिलीस. तुझे उपकार फार आहेत.’

ह्या ‘दिलीस’मधली ‘ली’ कुणाची, हे बाईंना शोधावं लागलं नाही. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला, तरी हुंदका फुटलाच.

कडी निघाली. नवरा दारात उभा. त्यानं बायकोच्या हातातल्या चपला पाहिल्या, तिचे डोळे पाहिले, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

‘कधी आलीस?’

‘मघाशीच.’

‘मग... ऐकलंस?’

‘सगळं,’ बाई म्हणाल्या. त्यांनी नाक पुसलं आणि वर्गात लावतात तसा आवाज लावायचा प्रयत्न केला. तो काही लागला नाही. ‘उद्यापासून दार उघडं ठेवत जा, अहो. मला आमेन तरी म्हणता येईल.’