सोबतीला आलेली

थंडीत कोळसा खाणीची धूळ गावावरून हलेनाशी झाली की देवाजींचा दमा उसळायचा आणि त्यांची बायको कौसल्या त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात आणायची. आजही तिनंच त्यांना काखेत हात घालून तातडीच्या विभागात आणलं. देवाजींचे ओठ निळे पडले होते. नर्सनं लगेच त्यांच्या तोंडावर वाफेचा मास्क बांधला.

"मावशी, तुम्हाला किती घाम आलाय. बरं वाटतंय ना?" तिनं विचारलं.

"मले काय होते? यायले धरून आणलं, म्हणून दम लागला," कौसल्या म्हणाली आणि खांदा चोळत भिंतीजवळच्या स्टुलावर बसली. "तू यायच्याकडे पाय."

नर्स देवाजींकडे वळली. इंजेक्शन दिलं, सलाईन लागलं. हळूहळू त्यांच्या छातीतली घरघर कमी झाली आणि त्यांनी मास्क बाजूला केला.

"कौसे, आता बरं वाटते."

कौसल्या भिंतीला डोकं टेकून बसली होती. "झोपली वाटते," देवाजी नर्सला म्हणाले. "रातभर माही पाठ चोळत होती."

नर्सनं तिचं मनगट हातात घेतलं आणि डॉक्टरांना हाक मारली. तिला शेजारच्या खाटेवर घेऊन मधला पडदा ओढला. डॉक्टर बराच वेळ तिची छाती दाबत राहिले. मग थांबले.

"हृदयविकाराचा झटका होता," बाहेर येऊन ते म्हणाले. "त्यांना काही त्रास होत होता का?"

देवाजी पडद्याकडे बघत राहिले.

"फाटकातून येताना दोनदा थांबली ती. मले वाटलं, माह्यासाठीच थांबली."