सुपाच्या नाचातला डावा पाय

पद्मिनीबाईंच्या सुपाच्या नाचाचा व्हिडिओ कुणाच्या तरी तक्रारीने सकाळी मोबाइलवरून उडाला, आणि दुपार झाली तरी वृंदावन योजना या वसाहतीतल्या त्या घरात कुणाच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता.

हिंदी मुलखातच वाढलेल्या नातीने, श्रुतीने, व्हिडिओ काढल्याची नोटीस तिसऱ्यांदा वाचून दाखवली. दोन्ही हातांत सूप, तीन गिरक्या आणि चौथ्या ठेक्याला डावा पाय ओढायचा, ही म्हणे कुठल्याशा डान्स स्टुडिओची स्टेप होती. त्यांनी ती गेल्या वर्षी बसवली. आजीने ती न विचारता उचलली.

"मी उचलली?" पद्मिनीबाई म्हणाल्या. "त्या पोरींच्या आया दुपट्यात होत्या तेव्हापासून नाचतेय मी हे. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात. दाखव बघू, कशा नाचतात."

श्रुतीने दाखवलं. सहा पोरी, सहा रंगवलेली सुपं. पद्मिनीबाईंनी चष्मा सारखा केला.

"सुपं धरलीत की पिझ्झाचे डबे? आणि पाय बघ. आधी उचलतात, मग ओढतात. उचलता येत होता तर ओढायला काय धाड भरली होती?"

"आजी, लड़ना है तो फॉर्म भरना पड़ेगा. आज ही. मंडल की आंटी लोग बोल रही थीं, क्लेम लगा है तो कल मंगळागौर में ये डान्स नहीं रखेंगे."

मंडळाने फलकसुद्धा छापून आणला होता. 'पद्मिनीबाईंचा सुपाचा नाच'. शाल-नारळ ठरला होता. बाईंची जांभळी इरकल इस्त्री होऊन कपाटाच्या दाराला टांगलेली होती.

"भर मग. नाव घाल माझं. ठळक घाल."

नाव झालं, गाव झालं, साल झालं. श्रुती थांबली. "पूछ रहे हैं, कोई है जिसने उस टाइम देखा हो? गवाह टाइप."

"सगळ्या वर गेल्या."

"छोटी आजी हैं ना," म्हणत पोरीने व्हिडिओ कॉल लावलासुद्धा. नको म्हणायला पद्मिनीबाईंना सवडच मिळाली नाही.

छोटी आजी म्हणजे पद्मिनीबाईंची धाकटी जाऊ, चेतना. ती बख्शी का तालाबला एअर फोर्समधल्या मुलाकडे राहायची. एकाच शहरात असून दोघींची भेट वर्षातून एखाद्या वेळी, तीही कुणाच्या तरी लग्नात.

तिकडे सुनेने फोन टेबलावर टेकवून ठेवला आणि सासूला हाक मारली. पडद्यावर रिकामी खोली होती. आधी आवाज आला. एक पाऊल, मग फरशीवर घसट. एक पाऊल, घसट. मग चेतना दिसली. खुर्चीचा हात धरून हळूच बसली.

पद्मिनीबाईंनी नजर खिडकीबाहेर नेली. श्रुती लॅपटॉपवर फॉर्म बघत होती.

"छोटी आजी, वो सूपवाला डान्स आजी ने ही बनाया ना? आपने देखा था?"

"पाहिला की," चेतना हसून म्हणाली. "स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे. बाहेर बायकांत जाऊबाई नाचायच्या."

"आप नहीं नाचती थीं?"

"मला कोण उभं करणार गं चारचौघींत? जाऊबाई म्हणायच्या, देवीपुढं धडधाकट बाई हवी. होय ना जाऊबाई?"

"विचारलंय तेवढं सांग," पद्मिनीबाई म्हणाल्या.

"तेवढंच सांगतेय. नाच त्यांचाच आहे, बाळा. लिही खुशाल. मी आपली आत तांदूळ पाखडत असायचे."

तांदूळ कधीच पाखडून व्हायचे. चेतनाच्या हातातलं सूप काही थांबायचं नाही. लोटलेल्या दाराच्या फटीतून पद्मिनीबाईंनी ते पाहिलं होतं, एकदा नव्हे, अख्खा श्रावण. चांगल्या पायावर गिरकी, आणि मागून येईल तसा येणारा दुसरा, डावा.

श्रुतीने टाइप केलं. "बस, लास्ट. बायाँ पैर क्यों घसीटते हैं, वो लिखना है. स्टुडिओवालों को थोड़े ही पता होगा. ये बता दिया तो हम जीत गए."

चेतनाचं हसू गेलं होतं. ती नुसती बघत होती, जाऊबाईंकडे.

दाराला टांगलेली इरकल पंख्याच्या वाऱ्यावर हलत होती.

"शोभेसाठी," त्या म्हणाल्या. "लिही. शोभेसाठी ओढायचा."

"बरोबर," चेतना म्हणाली. "शोभेसाठीच." आणि खुर्चीचा हात धरून उठली. फोन बंद करायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही.

श्रुती खुशीत होती. तिने स्वयंपाकघरातून सूप आणलं, गिरक्या घेतल्या, चौथ्या ठेक्याला डावा पाय उचलून मागे ओढला. "ऐसे ना, आजी?"

"उचलू नको," पद्मिनीबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"फिर कैसे?"

पद्मिनीबाईंची नजर अजून चालू असलेल्या फोनवर गेली. श्रुती फोन बंद करायला वाकली.

"राहू दे चालू," त्या म्हणाल्या. "ऐक."

पडद्यावर रिकामी खुर्ची होती. आवाज आत आत जात होता. एक पाऊल, घसट. एक पाऊल, घसट.

सूप हातात तसंच धरून श्रुती आजीकडे बघत राहिली. फॉर्म अजून पाठवायचा होता.