दोन शेपट्यांचा पक्षी

माती खणणाऱ्या क्रिस्पिनने फडकं सोडलं आणि आतली शिटी युफ्रासियाच्या पुढ्यात ठेवली. मातीचा पक्षी, बोटभर लांबीचा. चोच फुटली होती, पण शेपट्या दोन्ही शाबूत होत्या.

"जुन्या खाणीत सापडली, मावशी. ती टेकडीतली, बुजलेली. आमची माती संपली म्हणून परवा पुन्हा फोडली." त्याने टोपी काढून छातीशी धरली. "शिटी एकटी नव्हती. जवळ हाडं होती. लहान."

युफ्रासियाचे हात कोपरापर्यंत मातीने माखले होते. मृतांचा सण दहा दिवसांवर आला होता आणि अर्ध्या गावाच्या धूपदाण्या तिच्याच अंगणात घडायच्या. मोठ्या माणसांच्या आत्म्यांसाठी काळ्या, लेकरांसाठी पांढऱ्या आणि बुटक्या. मेलेलं लेकरू वाढत नाही. त्याचा हात पोचला पाहिजे.

दोन शेपट्यांचा पक्षी तिने आयुष्यात एकदाच केला होता. पहिली शेपटी वाकडी बसली म्हणून दुसरी चिकटवली आणि पहिली काढायला गेली, तर नाबोर म्हणाला, राहू दे आई, आता हा दुप्पट उडेल. महिनाभरात नाबोर हरवला. सहा वर्षांचा होता. त्या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली.

जत्रेतल्या सर्कसवाल्यांनी पोर पळवलं, असं तेव्हा गाव म्हणालं, आणि युफ्रासियाने ते बोलणं पदराला गाठ मारून ठेवलं. पळवलं म्हणजे जिवंत आहे. जिवंत आहे म्हणजे वाढतोय. दर जुलैत, त्याच्या नावाच्या संताच्या दिवशी, ती चॉकलेट प्यायचा एक पेला घडवायची. माप कुठून आणायचं? शेजारचा त्याच्याच वयाचा मुलगा होता, त्याचा पंजा हातात घेऊन बघायची. फळीवर एकवीस पेले ओळीने उभे होते. शेवटचे दहा एकाच मापाचे, बाप्याच्या हाताचे.

नणंद टोचायची, "वहिनी, बिचारा दर वर्षी दाराशी येऊन उपाशी परत जात असेल. एक पांढरी धूपदाणी मांडायला तुझं काय जातं?" त्यावर युफ्रासिया महिना महिना तिच्याशी अबोला धरायची.

अंगणाच्या पलीकडे मासेदोनियो, तिचा नवरा, भट्टीत लाकडं रचत होता. पाठ इकडे होती. जत्रा चालू असतानाच एका दुपारी खाणीचं छत बसलं होतं. पोर जत्रेत बागडतंय, अशीच तेव्हा सगळ्यांची समजूत होती. आणखी कुणी आत जाऊन मरू नये म्हणून उरलेलं तोंड मासेदोनियोनेच दगड लोटून बंद केलं. आत कुणी नव्हतं म्हणून देवापुढे मेणबत्तीही लावली. मात्र त्यानंतर त्या टेकडीची माती त्याने कधी घरात आणली नाही. दोन कोसांवरून गाढवावर लादून आणायचा. ती माती तडकते, एवढंच म्हणायचा.

युफ्रासियाने शिटीकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीकडे.

"ही माझी नाही," ती म्हणाली. "गावात पक्षी कोण करत नाही?"

"मावशी, नीट बघा तरी."

"आंधळी झाले का मी? माझी असती तर ओळखली नसती?"

क्रिस्पिनने टोपी डोक्यावर ठेवली. "मग पाद्रीबाबा म्हणाले तसं करतो. हाडं दफनभूमीत लेकरांच्या रांगेत, विहिरीकडच्या भिंतीलगत पुरतो. नाव नाही, तर नुसता क्रूस."

तो शिटी फडक्यात गुंडाळू लागला तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं.

"ती त्याच्याजवळच ठेव. खेळणं आहे त्याचं."

क्रिस्पिन गेला. मासेदोनियो भट्टीपाशीच उभा होता. वळून न बघता त्याने विचारलं, "कशाला आला होता?"

"पांढरी धूपदाणी सांगायला. कुणा परक्याचं लेकरू आहे म्हणे."

"हं," तो म्हणाला आणि पुन्हा लाकडं रचू लागला.

युफ्रासियाने नवा गोळा घेतला. तडकू नये म्हणून पाणकणसाचा कापूस घालून मळला. रडू आलं, तसं येऊ दिलं. मातीला पाणी लागतंच. कुणी विचारलं असतं तर धूर डोळ्यांत गेला म्हणाली असती, पण भट्टी अजून पेटलीच नव्हती.

दुपारपर्यंत बुटकी धूपदाणी झाली. मग तिने एक पेला घेतला घडवायला. या वेळी शेजारी कुणाचा पंजा बघायला जावं लागलं नाही. सहा वर्षांची मूठ केवढी असते हे तिच्या हातांना पाठ होतं. पेला तिने सावलीत, फळीच्या खाली वाळत ठेवला.

मासेदोनियो पाणी प्यायला आला. फळीवरच्या एकवीस पेल्यांकडे त्याची नजर गेली, मग खालच्या एवढ्याशा पेल्याकडे. ओंजळीतलं पाणी गळून गेलं तरी तो तसाच उभा राहिला.

"परक्याच्या पोराला पेलाही?"

"ज्याचं कुणी नाही त्याला कुणीतरी द्यायला नको?" ती खाली मान घालून म्हणाली.

तो गुडघे धरत तिच्याशेजारी जमिनीवर बसला. मातीचा एक लहानसा गोळा तोडला आणि तिच्या हातावर ठेवला.

"आणखी एक कर," तो म्हणाला. "एका पेल्यानं कधी भागलंय का त्याचं?"