ओसरीवरचे निदान

डॉ. सबनीस वारल्यावर विभागीय आरोग्य योजनेने त्यांच्या आवाजाची यंत्रे गावोगावच्या दवाखान्यांत बसवली. तपासणीच्या खोलीत ध्वनिमुद्रित केलेले त्यांचे सारे बोलणे यंत्रांना शिकवले होते.

"काही नाही हो गुलाबराव, पुढच्या बाजाराला चालत जाल," रक्त थुंकणाऱ्या रोग्याला यंत्र मायेने म्हणाले.

द्वारकाबाई नवऱ्याला आत बसवून ओसरीवर आल्या. रोग्याला धीर दिल्यावर डॉक्टर नातलगांना खरे निदान इथेच सांगत.

"यंत्र उठून बाहेर कसं येईल, मावशी?" नर्सने विचारले.

"थांबते मी. हात धुवायला त्यांना वेळ लागतो."

ओसरीवरचे बोलणे योजनेने ध्वनिमुद्रितच केले नव्हते. वर्षभरात एकही रोगी गंभीर न ठरल्याबद्दल विभागाला नुकताच पुरस्कार मिळाला होता.